ज्वारीच्या रानातल्या सीड्या

नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत, ती एक साधी घरफोडी मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते.

मी तेव्हा लातूरच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. शहरात कोचिंग क्लासचं पीक जोरात होतं. जुनी गोदामंसुद्धा भाड्याने जाऊन तिथे बाकडी लागत होती. प्रत्येक क्लासला कॉम्प्युटर हवा होता आणि त्याबरोबर कॉम्प्युटरच्या चोऱ्याही वाढल्या होत्या. त्यामुळे एका फोटो स्टुडिओचं कुलूप तोडून कॉम्प्युटर आणि स्कॅनर नेल्याची खबर आली, तेव्हा आम्हाला काही विशेष वाटलं नाही. पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला. चोराने भिंतीवरचं घड्याळसुद्धा सोडलं नव्हतं. घाईत राहिली ती फक्त स्कॅनरची वायर, भिंतीतल्या प्लगला तशीच लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओवाले चाचा एका बाईला घेऊन ठाण्यात आले. पन्नाशीची, किल्लारीकडची बाई. खुर्चीवर बसायला तयार नव्हती.

"सायेब, माझी लेक होती त्या मशीनमधी," ती म्हणाली.

हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली. मग चाचांनी सगळं सांगितलं.

भूकंपानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, तेव्हा चाचा कॅमेरा घेऊन तिकडे गेले होते. ढिगाऱ्यातून निघालेले फोटो लोक त्यांच्याकडे आणून देत. चिखलाने चिकटलेले, फाटलेले, भिजलेले. काहींकडे गेलेल्या माणसाचा स्वतंत्र फोटोच नव्हता. मग लांबच्या पाहुण्याच्या लग्नातला फोटो शोधायचा आणि त्या गर्दीतला एक चेहरा काढून मोठा करायचा. पुढे कॉम्प्युटर घेतल्यावर चाचांनी ते सगळं त्यात घातलं आणि सवडीने एकेक फोटो दुरुस्त करत राहिले. मूळ फोटो तोवर हाताळून हाताळून तुकडे होऊन गेले होते. या बाईची मुलगी अशीच शेजारणीच्या लग्नाच्या फोटोत कडेला उभी होती. तिचा फोटो तयार झाल्याचा निरोप मिळाला म्हणून बाई जीप धरून आली होती, आणि स्टुडिओत पाहते तर टेबल मोकळं.

"दुसरीकडे कुठे काढून ठेवले नाहीत का?" मी विचारलं.

चाचांनी मान खाली घातली. "ठेवले होते साहेब. सीड्यांवर समदी कॉपी होती. डबा त्याच कपाटात होता. तो बी नेला. मशीन न्हाई मिळाली तरी चालंल, पन त्या सीड्यांचं बघा. लोकांची अमानत हाय ती."

मी बाईला म्हटलं, "मावशी, मी शोधतो." पोलिसाने असं वचन देऊ नये, पण दिलं खरं.

नांदेडला माझी आधी नेमणूक झालेली होती. तिथला जुन्या कॉम्प्युटरचा एक दुकानदार माझ्या ओळखीचा होता. चोरीचा माल येतो तो अशाच दुकानांत, म्हणून त्याला मी स्कॅनरचं वर्णन सांगून ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला.

"साहेब, एक जण फोटोचा स्कॅनर घेऊन येऊन गेला. लई कमी भाव सांगून राहिला. पन वायर न्हाई त्याला."

"त्याला सांग, वायर मिळाली, घेऊन ये."

आम्ही साध्या कपड्यांत दुकानाच्या आतल्या खोलीत बसलो. माणूस आला. स्कॅनर काउंटरवर ठेवला. मी बाहेर येऊन जप्त केलेली वायर त्याला लावली, ती बरोबर बसली. त्याने पळायचा प्रयत्नही केला नाही.

तो लातूरमध्येच क्लासेसचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बोलायला गोड, शिकलेला. कॉम्प्युटर त्याने एका क्लासला विकला होता. तिथे गेलो तर क्लासचे संचालक चिडले. "परीक्षा तोंडावर आहे, आमचे सगळे पेपर यात आहेत, मशीन नेता येणार नाही." लागलीच कुणाला तरी फोन लावून रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. पंचांच्या सह्या झाल्या आणि मशीन गाडीत ठेवलं.

न्यायालयाची परवानगी काढून तंत्रनिकेतनातल्या कॉम्प्युटरच्या मॅडमना ते दाखवलं. त्यांनी बराच वेळ खटपट केली. "आधीचं सगळं पुसून त्यावर नवीन भरलंय," त्या म्हणाल्या. "इथून फोटो परत येणार नाहीत. दुसरी कॉपी असेल तरच."

वरिष्ठांच्या हिशेबी गुन्हा उघड झाला होता. आरोपी अटकेत, मुद्देमाल हस्तगत. "आता दोषारोपपत्राचं बघा," असं मला सांगण्यात आलं. पण आरोपीची पोलीस कोठडी अजून शिल्लक होती.

मी त्याला समोर बसवून चहा दिला. "सीड्या कुठं आहेत?"

"फेकल्या साहेब. मांजरा नदीत."

हे मला पटेना. घराच्या झडतीत सीड्यांचा प्लास्टिकचा डबा सापडला होता. त्यात त्याने स्क्रू आणि नटबोल्ट ठेवले होते. भिंतीवरचं घड्याळ न सोडणारा माणूस हातात आलेली वस्तू फुकट टाकत नाही. हा माझा नेहमीचा अनुभव.

"डबा घरी ठेवलास, आणि सुट्या सीड्या हातात घेऊन नदीवर गेलास?"

त्याने कप खाली ठेवला.

"कशात नेल्या? पिशवीत? पिशवी कुठाय?"

तो चहाच्या कपाकडे बघत राहिला. मीही काही बोललो नाही. माणूस खोटं रचत असला की त्याला शांतता सोसत नाही. शेवटी तो हळूच म्हणाला, "साहेब, हसू नका. मामाच्या रानात हायत. पाखरं हाकायला."

पंचांसमक्ष त्याचं निवेदन नोंदवलं आणि चाचांना बरोबर घेऊन आम्ही मामाच्या गावी, देवणीकडे निघालो. रानात ज्वारी हुरड्याला आली होती. बांधापासून बांधापर्यंत सुतळ्या ताणलेल्या आणि त्यांवर सीड्या लटकत, उन्हात लखलखत होत्या. मधल्या भोकातूनच सुतळी ओवलेली होती, वेगळी भोकं पाडली नव्हती, हे आमचं नशीब.

मामा साधा माणूस. भाच्याचे उद्योग त्याला ठाऊक नव्हते. "हाव, त्यानंच आणून दिल्या. चमकत्यात, पाखरू फिरकत न्हाई. आता काढून नेल्या तर कणसं खाऊन टाकतील की सायेब!"

चाचांनी त्याला सीड्यांवर काय आहे ते सांगितलं. मामा उभ्या जागी थांबला. भूकंपाच्या त्या पहाटे त्याचंही घर हललं होतं. तो पुढे झाला, स्वतःच्या हाताने पहिली सुतळी सोडली आणि सीडी धोतराच्या सोग्याने पुसायला लागला.

"पुसू नका! मामा, पुसू नका!" चाचा ओरडत धावले. "चरे पडतील!"

सगळ्या सीड्या कागदात गुंडाळून, सील करून आणल्या. पुन्हा न्यायालयात अर्ज केला. परवानगी मिळताच मॅडमच्या प्रयोगशाळेत बसलो. चाचा एकेक सीडी पाण्यात बुडवून मऊ कापडाने मधून कडेकडे पुसत होते. मॅडम ती मशीनमध्ये घालत होत्या. मशीन घरघरायचं, थांबायचं, पुन्हा घरघरायचं. भर उन्हातल्या सीड्या वाचल्याच गेल्या नाहीत. बांधावरच्या कडुलिंबाच्या सावलीत टांगलेल्या बऱ्याचशा वाचल्या. एकेक फाइल नव्या डिस्कवर उतरू लागली. लग्नाची वरात, शाळेतला गट, बैलांपुढे उभा राहिलेला बाप. गेलेल्या गावातली माणसं पडद्यावर येत होती आणि चाचा प्रत्येकाचं नाव सांगत होते.

बाईला बोलावून घेतलं होतं. तिच्या मुलीची फाइल एका चरे पडलेल्या सीडीवर होती. मॅडमनी तिला आधीच बजावलं, "अर्धवट येईल कदाचित."

फोटो वरून खाली उघडत गेला. लाल रिबीन. भांग. कपाळ. डोळे, जरा मिचकावलेले, ऊन समोरून असावं. नाक, ओठ, हनुवटी. आणि तिथे थांबला. खाली सगळा करडा पट्टा. फ्रॉक नाही, हात नाहीत. मॅडमनी दोनतीनदा प्रयत्न केला. तेवढंच आलं.

"मावशी, पुढचं येत नाही," मी म्हटलं.

बाई पडद्याच्या अगदी जवळ गेली. "तोंड आलं की सायेब," ती म्हणाली. "फराक मला ठावं हाय. मीच शिवला व्हता."

पुढे आरोपीला शिक्षा झाली. मशीन आणि सीड्या सुपूर्दनाम्यावर चाचांना परत मिळाल्या. त्यांनी सगळ्या फोटोंच्या दोन प्रती केल्या, एक दुकानात ठेवली आणि दुसरी देगलूरला बहिणीच्या घरी नेऊन ठेवली. जे फोटो वाचले नाहीत, त्यांच्या घरी ते स्वतः जाऊन सांगून आले.

त्यानंतर मी जिथे जिथे नोकरी केली, तिथे चोरीची फिर्याद घेताना "काय काय गेलं?" हे विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारायचो. "यातलं एकच परत मिळणार असेल, तर काय हवं?" माणूस पुष्कळदा अशा वस्तूचं नाव घ्यायचा जी त्याने तोवर सांगितलेलीच नसायची. मी तपास तिथून सुरू करायचो.