सुरयाची मासोळी आणि थविन न्हावी

थविन न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की आमच्या मिठागरावरच्या झाडून सगळ्या भानगडी कानावर पडतात. कुणाची सून रुसली, कुणाच्या जावयाने केस काळे केले, सगळं. फक्त लमोमबाईचं नाव निघालं की त्याची कात्री मुकाट चालायची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली ही बाई, आपलं मीठ आपणच ओढते. आणि थविन अठ्ठावन्न वर्षांचा सडाफटिंग. तिला लग्नाचं विचारायचं म्हटलं की गड्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

मग त्याने युक्ती काढली. सोंगक्रानच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाच्या सुमारास छोटे सुरय पक्षी जोडी जमवायला आमच्या वाफ्यांवर उतरतात. नर चोचीत मासोळी आणतो, मादीपुढे मान वाकवतो. तिने मासोळी घेतली की सोयरीक पक्की. त्याचा फोटो लमोमबाईच्या हातात ठेवायचा, म्हणजे तोंड उघडायलाच नको! थविनने मोटारसायकल विकून हातभर लांब लेन्स घेतली.

तीन आठवडे हा चिखलाच्या रंगाचं कापड पांघरून तिच्याच बांधावर पालथा. फोटोत काय आलं? पळणाऱ्या तुतवार पाखरांची ढुंगणं, लंबूटांग्या शेकाट्याचे नुसतेच गुलाबी पाय आणि पुष्कळसं आभाळ.

शेवटी लमोमबाईच फावडं खांद्यावर टाकून आली.

"थविनदादा, मगर झालात की काय?"

"शू! पाखरं उडतील."

"उडाली की केव्हाच. लपतछपत सरपटणारा दिसला की त्यांना वाटतं, हा अंड्यांवर टपलाय. मी रोज त्यांच्यामधून फिरते, ढुंकून बघत नाहीत. उठा. टोपी घाला, फावडं धरा, कामाला आल्यासारखे दिसा. तेवढं तरी जमेल ना?"

तिने घरातून ताडाच्या पानांची रुंद टोपी आणून दिली. मेलेल्या नवऱ्याची! ही बातमी दुपारपर्यंत विहारातल्या भिक्खूंना कळली होती. कुणी कळवली ते विचारू नका.

टोपी घालून, फावड्याच्या दांड्यावर लेन्स टेकवून थविन उभा राहिला. पाखरं दहा पावलांवर बिनधास्त. नर आला, चोचीत चंदेरी मासोळी. मान वाकवली. मादीने मासोळी घेतली आणि भुर्रकन एकटीच उडाली! फोटो असा लख्ख, की नराची फजिती त्याच्या डोळ्यांत दिसावी.

थविनने तो दडवून ठेवला. पण माझ्या पोटात काही राहत नाही. फोटो कसा आला आणि कशासाठी काढला होता, दोन्ही मी लमोमबाईला सांगून टाकलं. तिने थविनला गाठून तो मागून घेतला आणि हसता हसता मिठाच्या ढिगावरच बसली.

"शहाणी आहे हो ही! एका मासोळीवर कोण भाळतं? आणि थविनदादा, फोटोतली मासोळी तळायची कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी थविन टोपलीभर ताजे बांगडे घेऊन तिच्या दारात. आम्ही समोरच्या बांधावर, आपले सहज जमलेलो. तिने टोपली घेतली, आत गेली आणि दार लावून घेतलं. बांधावर खसखस पिकली. थविन मान खाली घालून वळला.

दार उघडलं.

"निघालात कुठे? एवढे बांगडे साफ कोण करणार, भिक्खू? वस्तरा चालवता ना? या आत. अहो, चपला बाहेर!"

थविनने घाईत झटकलेली एक चप्पल थेट मिठाच्या वाफ्यात गेली. आम्हीच ती काढून तिच्या पायरीवर ठेवली.