कार्डाची उचल

१६ एप्रिल, गुरुवार. मी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होते.

हिंगोलीत एका कापडाच्या दुकानात मी गादीवर बसून साड्या दाखवते. लग्नसराईत बस्ता बांधायला माणसं जीप भरून येतात. शंभर साड्या उलगडायला लावतात, घेतात त्यातल्या थोड्या. बाकीच्यांच्या घड्या आम्ही घालायच्या. त्या दिवशी औंढ्याकडचं एक घर बसलं होतं. नवरी, तिची आई, मावशी आणि आजी. शालू तेवढा राहिला होता. शालू सगळ्यात शेवटी काढायचा, ही आमच्या दुकानाची रीत. मी ओठात टाचणी धरली, पदर नवरीच्या खांद्यावर टाकला. तेवढ्यात दादासाहेबांचा फोन वाजला.

दादासाहेब म्हणजे मालक. गावाकडे मोठी जमीन, इथं दोन मजली दुकान. ते गल्ल्यावर बसतात. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, माझ्याकडं पाहिलं. मग फोन गल्ल्यावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"वो मैडम आपके यहाँ काम करती है ना? कार्ड का पैसा नहीं भर रही. उसको बोलो, शाम तक भरने का. नहीं तो हमारा आदमी दुकान पे आएगा. सबके सामने पूछेगा."

"बोल ना बाई," दादासाहेब म्हणाले. "तुझ्यासाठीच हाय फोन."

माझ्या ओठात टाचणी होती. ती काढायचंही सुचलं नाही.

आजी म्हणाली, "थांब गं. काढ तो पदर पोरीच्या अंगावरून."

"काहून आजी?" नवरीनं विचारलं.

"हिच्या दारात वसुलीवाले बसून राहिलेत, अन् ही तुला शालू पांघरून राहिली. शुभाच्या कपड्याला कर्जाचा हात नको. दादासाहेब, दुसरं माणूस द्या."

"देतो ना आजी. तुमी म्हणाल तसं," दादासाहेब हसून म्हणाले. "बाई, तू तिकडं घड्या घाल."

मावशी म्हणाली, "आजकाल कार्डावर नवरा बी भेटतो म्हणं." सगळ्या हसल्या. नवरीही हसली.

मी पदर काढला. कोपऱ्यात जाऊन घड्या घालू लागले. काठाला काठ जुळेना. इतकी वर्षं डोळे मिटून घातलेली घडी, त्या दिवशी येईना.

मी भित्री बाई नाही. चुलीमागं निघालेला साप मी मारलाय. नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा त्याला टेम्पोत आडवं घालून नांदेडला मीच नेलं. पण वसुलीच्या फोननं मला पोखरलं होतं. फोनचा आवाज बंद करून ठेवला, तरी तो गादीवर थरथरायचा आणि मी तो साडीखाली सरकवायची. पाठीला सॅक लावलेला कुणीही माणूस दुकानाची पायरी चढला की वाटायचं, आला. घरी कडी वाजली की वाटायचं, आला. शेजारीण साखर मागायला यायची, मी दाराआड श्वास धरून उभी.

कार्ड मी मागितलं नव्हतं. पगार बँकेत जमा होऊ लागला, तेव्हा टेबल मांडून बसलेल्या एका माणसानं ते हातात दिलं. "वर्षभर फुकट, ताई." मी ते पेटीत टाकलं. नवरा सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवायचा. त्याच्या पायाचं हाड मोडलं. नांदेडच्या दवाखान्यानं आधी पैसे मागितले, मग रॉड टाकला. कार्ड घासलं आणि पेशंट आत गेला. तेव्हा ते कार्ड मला देवासारखं वाटलं. खोटं काहून सांगू.

मग दर महिन्याला फोनवर यायचं. किमान देय रक्कम, अमुक तारखेपर्यंत.

मी बचत गटात आहे. आमच्या गटात कर्जाचा हप्ता ठरलेला असतो. हप्ता भरला की कर्ज तेवढं खाली उतरतं. शेवटचा हप्ता भरला की बाई पेढे वाटते. मला दुसरं कर्ज माहीतच नव्हतं. किमान रक्कम म्हणजे हप्ता, असं मी धरून चालले. तारखेच्या आधी भरायची. ताठ मानेनं भरायची. वरचा मोठा आकडा हलत नव्हता. वाटायचं, बँकेचं काम, लिहितील सावकाश. आपण तर बराबर भरून राहिलो. म्हणून मग किराणा कार्डावर घेतला. लेकीच्या कॉलेजचे पैसेही भरले. किमान रक्कम वाढत गेली. नवऱ्याचा रॉड काढायची वेळ आली, जीप दारात उभी राहिली. दोनदा भरायचं राहिलं. आणि फोन सुरू झाले.

त्या गुरुवारी बस्ता बांधून ते घर गेलं. शालू दुसऱ्या बाईनं विकला. दुपारी दादासाहेबांनी मला गल्ल्याजवळ बोलावलं.

"बस," म्हणाले.

त्यांनी मला कधी बस म्हटलं नव्हतं. तिथंच मला भीती वाटली.

"किती हाय कार्डाचं?"

मी सांगितलं.

"एवढंच? मी भरून टाकतो. उचल समज. पगारातून कापत जाऊ."

"महिन्याला किती कापणार, दादासाहेब?"

"ते बघू ना. तुझी चूल चालंल इतकं देत जाईन. मी काय परका हाय का?" मग गल्ल्याचा खण बंद करत म्हणाले, "अन् तुझी पोरगी बारावी झाली ना? तिला आण कामाला. दोघी असल्या की लवकर फिटंल. दिसायला बी बरी हाय. शालूच्या गादीवर बसवू."

मी उठून उभी राहिले.

"उद्या सांग. तकलीफ तुला हाय, मला न्हाई."

उचल. हा शब्द मी फार वर्षांनी ऐकला. ऐकला आणि बा आठवला.

माझा बा सेनगाव तालुक्यात सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं. साल ठरलं की मालक उचल द्यायचा. ती दाणे, औषध, आजारपण यात जायची. पुढच्या पाडव्याला मालक म्हणायचा, उचल फिटली न्हाई, आणखी एक साल धर. बा धरायचा. एका पाडव्याला मालकाची बायको म्हणाली, "पोरीला लाव आमच्याकडं गोठ्यात शेणकुराला. लवकर फिटंल." मी तेव्हा पाचवीत होते. मी बाला म्हटलं, "मी जाते बा. थोडे दिवस." ते थोडे दिवस माझं लग्न होईपर्यंत संपले नाहीत. शाळेत मी परत गेले नाही. वाचायला शिकले ते नंतर, स्वतःच्या हिमतीवर.

एकदा मी बाला विचारलं होतं, "बा, आपलं शेवटचं साल कोणतं?"

बा म्हणाला, "शेवट इचारायचा नसतो."

तो सालगडी म्हणूनच मेला.

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. नवरा खाटेवर पाय लांब करून बसला होता. म्हणाला, "दादासाहेब चांगला माणूस हाय. फोन तरी बंद होतील."

"अन् पोरगी?"

तो पायाकडं बघत राहिला.

लेकीला नर्सिंगला जायचं आहे, नांदेडला. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी जाते आई. थोडे दिवस."

फोनवरच्या माणसाची मला भीती वाटत होती. पण त्या पाच शब्दांइतकी नाही. माझंच तोंड माझ्यासमोर भाकरी थापत होतं.

मी पेटीतून कार्ड काढलं. त्याच्या पाठीवर नंबर होता. इतके दिवस तेच लोक मला फोन करत होते आणि मी पळत होते. आता मी लावला. हे दाबा, ते दाबा करत एक मुलगी बोलू लागली. लेकीला ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला.

"मी दर महिन्याला हप्ता भरला. दोनच चुकले. मग पैसे कमी काहून होईनात?"

"मॅडम, तो हप्ता नव्हता. मिनिमम ड्यू होता."

"म्हणजे?"

"तेवढं भरलं की लेट फी लागत नाही. बाकीवर व्याज चालूच राहतं. आणि बाकी असताना नवीन खरेदी केली, तर तिच्यावरही लगेच व्याज लागतं."

"मग मी भरलं ते गेलं कुठं?"

"बरंचसं व्याजात, मॅडम."

"अन् जे सगळेच्या सगळे भरतात त्यांना?"

"त्यांना खरेदीवर व्याज नसतं, मॅडम. उलट पॉइंट मिळतात."

दादासाहेबांकडंही कार्ड आहे. ते महिन्याला सगळं भरतात. गेल्या दिवाळीत गल्ल्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, कार्डाच्या पॉइंटवर फुकटात विमानानं फिरून आलो. आम्ही कौतुकानं ऐकलं होतं. त्यांना उसनं फुकट, वर विमान. मला उसनं महाग, वर धमकी. ज्याच्या घरात आहे त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, आणि ज्याच्या घरात नाही त्याच्याकडून दर महिन्याला घेत राहायचं. याला ते सोय म्हणतात.

मी विचारलं, "मी असंच किमान भरत राहिले, तर माझं शेवटचं कधी?"

मुलगी म्हणाली, "ते असं सांगता येणार नाही, मॅडम. पण खूप वर्षं जातील."

शेवट इचारायचा नसतो. बा मेला, त्याचा मालक मेला, आणि ते वाक्य गुळगुळीत कार्डावर बसून माझ्या पेटीत आलं होतं. मी त्याला हप्ता समजत होते. ती उचल होती. आणि दादासाहेब ती उचल फेडायला मला दुसरी उचल देत होते.

लेकीनं तवा उतरवला. "मग आता?"

"तू कुठं जायचं न्हाईस," मी म्हटलं. "नर्सिंगचा फॉर्म भर."

माझ्याकडं दोन पाटल्या होत्या. माहेरच्या नाहीत, सासरच्या नाहीत. माझ्या पगारातून केलेल्या. नवरा म्हणाला, "पाटल्या मोडतेस? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काल स्पीकरवर ऐकलं," असं मी चुकून म्हणाले. ते आजच घडलं होतं. मला ते फार जुनं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी मी दुकानात गेले नाही. सराफाकडं गेले. काट्यावर पाटल्या ठेवल्या. तिथून बँकेत. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि रात्रभर घोकलेलं एका दमात बोलले. "एवढे आज भरते. कार्ड बंद करा. उरलेल्याचे बांधलेले हप्ते करून द्या. अन् शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात, ते कागदावर द्या."

"ते वरून होतं बाई," साहेब म्हणाले. "नंतर या."

"बसते," मी म्हटलं आणि बसले.

बरीच माणसं आली, गेली. मी हलले नाही. शेवटी साहेबांनी कुठंकुठं फोन लावले. व्याज माफ झालं नाही. पण हप्ता बांधला गेला आणि कागद निघाला. मी त्यातली शेवटची ओळ आधी वाचली. महिना होता. वर्ष होतं. लांबचं होतं, पण होतं.

दुसरा कागद मी घरून लिहून आणला होता. माझ्या कर्जासाठी मालकाला फोन करून मला गिऱ्हाइकांसमोर धमकी दिली, अशी तक्रार.

"आता ही कशाला? भरताय ना?"

"भरते म्हणूनच. शिक्का मारून द्या."

दुकानात पोचले तेव्हा गादीवर दुसरं एक घर बस्त्याला बसलं होतं. दादासाहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. "काय ठरलं?"

"उचल घेणार न्हाई. पोरगी येणार न्हाई. माझा पगार महिन्याच्या महिन्याला, पुरा."

"अन् परत फोन आला तर? गिऱ्हाईक तुटतं माझं."

"मला द्या. मी बोलते. अन् शालू मीच दाखवणार."

"न्हाई बसवलं गादीवर तर?"

"समोर बी दुकानं हायेत, दादासाहेब. शालू तिथं बी विकतात."

ते गल्ल्यातल्या नोटा मोजू लागले. मी गादीवर बसले. ओठात टाचणी धरली, शालूचा डबा उघडला, पदर हातात घेतला.

आणि माझा फोन थरथरला. बँकेचा कागद वसुलीवाल्यांपर्यंत पोचला नसणार. तोच नंबर. नवरीची आई माझ्याकडं बघत होती. दादासाहेब बघत होते.

मी टाचणी ओठातून काढली. पदराला नीट लावली. मग फोन उचलला, स्पीकर लावला आणि गादीच्या मधोमध ठेवला.

"आधी तुमचं नाव सांगा," मी म्हटलं. "माझं सगळ्यांना ठाऊक हाय."