मस्कत अडीच तास

कुतुबुद्दीनचाचांचं कराडात गाद्यांचं दुकान होतं. पोरगा लांब गेला, असं कुणी म्हटलं की हातातली सुई गादीतच टोचून ठेवून ते म्हणायचे, "लांब कशाचं? मुंबईपासनं मस्कत पंधराशे किलोमीटर. विमानात बसलं की अडीच तास. आमची मदिहा जतला दिलीय, तिच्याकडं एस्टीनं चार तास लागत्यात. मग लांब कोण?"

शेजारचा चहावाला आकाराम म्हणायचा, "मग आज बोलवा की कैफला जेवायला!"

चाचा हसायचे. कैफ दोन वर्षांत आला नव्हता. पण ऐकून ऐकून त्यांच्या बायकोला, चांदबीलाही हिशोब पाठ झाला होता. पोरगा अडीच तासांवर आहे, असं ती शेजारणींना सांगायची, आणि तिला ते खरंच वाटायचं.

शुक्रवारी सकाळी चाचा उठलेच नाहीत. सात वाजता चांदबीनं जतला फोन लावला, लगेच मस्कतला. अकराला मदिहा दारात आली. चार तास, बरोबर. चांदबीनं घड्याळाकडं पाहिलं. कैफ हिच्याआधी यायला पाहिजे होता, एवढंच मनात आलं. रडू आलं नाही.

मय्यतीला अंघोळ घालून झाली. जमातीतले एक बुजुर्ग दाराशी येऊन म्हणाले, "आज पाचला, असरच्या नमाजानंतर न्यायचं, का कैफसाठी थांबायचं? तुमी सांगाल तसं."

तेवढ्यात आकाराम मोबाइल घेऊन आला. "चाची, कैफ व्हिडिओवर हाय. पासपोर्ट कंपनीच्या हापिसात, आन् आज तिकडं सुट्टी. साहेबाला गाठून पासपोर्ट मिळाला तर रात्रीचं विमान. उतरल्यावर परत सहा-सात तास गाडी. उद्या सकाळ धरा."

"विमान अडीच तासांचं हाय न्हवं?"

"विमान अडीच तासांचंच हाय, चाची."

चाचांचा सदरा तिच्या मांडीवर होता. बाहीला चिकटलेला कापूस ती एकेक करून काढत होती. गिऱ्हाइकाला सांगितल्या दिवशी गादी मिळायचीच; त्यासाठी चाचा ईदच्या आदल्या दिवशीही शिवत बसायचे.

"त्यांनी कुणाला ताटकळत ठेवलं न्हाई," ती म्हणाली. "असरला न्या."

"अम्मी! भाईनं तोंड बी बघायचं न्हाई?" मदिहा ओरडली.

"आकाराम, तो फोन त्यांच्या तोंडासमोर धर," चांदबी म्हणाली आणि पुन्हा कापूस काढू लागली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला कैफ आला, आधी कबरस्तानात जाऊन. बुटांना ओली माती होती. तो उंबऱ्यातच बसला. आकारामनं पाठवलेला चहा चांदबीनं त्याच्यापुढं ठेवला.

"विमानात किती वेळ गेला?"

"आता कशाला ते, अम्मी?"

"सांग."

"अडीच तास. पाच मिनिटं कमीच."

चांदबीनं मान हलवली.

"म्हंजे खरं सांगत हुते," ती म्हणाली. "चहा घे, गार व्हईल."