ओल्या पुठ्ठ्याचा वास

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे नापासबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर पडेल इतपत मोठ्याने. तिचं काम तपासनिसाचं. पुठ्ठ्यांची थप्पी यंत्रावरून उतरली की मधलाच एखादा पुठ्ठा ओढून काढायचा, कोपरा दुमडायचा, नखाने दाबून बघायचा आणि नाकाशी धरायचा. पदर चिकटवणारी खळ नीट वाळली नसेल, तर पुठ्ठ्याला एक कुबट, ओलसर वास येतो. ओलावा मोजायचं यंत्र तिच्या टेबलावर होतं, पण त्याने आकडा दाखवायच्या आत तिचा लाल शिक्का थप्पीवर बसलेला असे. मग सुपरवायझर गयावया करो, बाहेर ट्रक खोळंबो, ती ऐकत नसे.

हाच शिक्का ती माणसांवरही मारत आली होती. चाळिशी कधीच उलटली होती, तरी अधूनमधून स्थळं येत. एक गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले. तिने मुद्दाम दोन उलटसुलट गोष्टी विचारल्या, ते दोन्हींना हो म्हणाले. दुसरे गृहस्थ उत्तर देण्याआधी आपल्या थोरल्या बहिणीकडे बघत. "होयबा आहे नुसता," असं म्हणून ती नाक मुरडे आणि विषय तिथेच संपे.

घरात काय वेगळं होतं म्हणा. धाकटा भाऊ कचेरीत साहेबाची री ओढून घरी येई आणि घरी बायकोची ओढे. भावजय सगळ्या जगाची ओढे. त्यांच्याच घरात, इस्त्रीच्या टेबलाला खेटून, तिची कॉट होती. त्या कॉटवर पडून ती सगळ्यांना मनातल्या मनात नापास करत असे आणि एकटेपणाने तिचा जीव नकोसा होत असे. मनात येईल ते सरळ बोलणारा एक माणूस भेटला असता, तर ती दुसऱ्या दिवशी बॅग भरून त्याच्याबरोबर निघाली असती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण खरं होतं.

तर अशा या बाईसाठी भावजयीने वाइनची संध्याकाळ योजली. नवं खूळ. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, वर नंबर टाकायचे, कोणी कोणती आणली ते सांगायचं नाही, आणि चव घेऊन प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. बोलावलं होतं दातांच्या डॉक्टरला आणि त्याच्या बायकोला, आणि "सहज" म्हणून डॉक्टरच्या दवाखान्याखाली दुकान असलेल्या चष्मेवाल्याला. चष्मेवाल्याची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. तो का येतोय हे तिला ठाऊक होतं, ती का हजर असणार हे त्याला ठाऊक होतं, आणि बाकीच्यांना तर दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तरी सगळे वाइनसाठीच जमल्याचा आव आणून बसले होते. "ताई, तुम्ही बसा हो इथेच," असं म्हणत भावजयीने तिला बरोबर त्याच्या शेजारी बसवलं.

पहिली बाटली फिरली. दातांच्या डॉक्टरने घोट तोंडात घेतला आणि खळखळून चूळ भरतात तसा या गालातून त्या गालात फिरवला. त्याचे पेशंट निदान नंतर थुंकतात तरी, हा गिळून मोकळा झाला. डोळे मिटून म्हणाला, हिच्यात पिकलेलं फळ आहे. डॉक्टरीणबाईंना लगेच ते फळ सापडलं, शिवाय मध सापडला. भाऊ म्हणाला, मध तर आहेच. भावजय म्हणाली, ती तेच म्हणणार होती. डॉक्टरने आत रबरी हातमोजा आहे असं सांगितलं असतं, तर या तिघांनी त्याचा रंगही सांगितला असता, असं तिच्या मनात आलं.

चष्मेवाल्याची पाळी आली. तो म्हणाला, "आंबट आहे. बाकी मला काही कळलं नाही."

तिने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. खिशातल्या मऊ फडक्याने तो ग्लासच्या काठाला लागलेले बोटांचे डाग पुसत होता, अगदी भिंगं पुसतात तसे. दुसऱ्या बाटलीलाही त्याने तसंच साधं उत्तर दिलं. ही आवडली, का ते सांगता येत नाही. बाकीचे चेरी आणि ओलं गवत हुडकण्यात गर्क होते, तेवढ्यात त्याने तिला कामाबद्दल विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून नव्हे. पुठ्ठा ओला आहे हे कळतं कसं, हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाकाने. यंत्र मागाहून सांगतं," ती म्हणाली.

मग ती खळीबद्दल बोलली, एकदा गोदामातला नळ फुटून सबंध थप्पी भिजली होती त्याबद्दल बोलली, नापासबाई हे नावसुद्धा तिने सांगून टाकलं. तो हसला. तो कुठेही उगाच मान डोलवत नव्हता. एका ठिकाणी तर त्याने तिला सरळ सांगितलं की तिचं म्हणणं त्याला पटत नाही, ट्रक अडवण्याआधी माणसांना एक संधी द्यायला हवी. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला फार बरं वाटलं, इतकं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिसरी बाटली आली. ग्लास ओठांना लागायच्या आधीच तिला तो वास आला. भिजून, दाबून, अर्धवट वाळलेल्या पुठ्ठ्याचा. गोदामातली ती थप्पी कोणीतरी ग्लासात ओतल्यासारखा. शंकेला जागाच नव्हती.

दातांच्या डॉक्टरने डोळे मिटले. ही मुरलेली आहे, म्हणाला, हिच्यात जंगलातली माती आहे, जुनी लाकडी कपाटं आहेत. डॉक्टरीणबाईंना एका सहलीत पाहिलेला राजवाडा आठवला. भाऊ म्हणाला, आतापर्यंतची सगळ्यात भारी. भावजयीने ग्लास पुन्हा पुढे केला.

"मला तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय," चष्मेवाला म्हणाला.

मग डॉक्टर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अरे, तो वाइनचा नाही. शेजारी कोण बसलंय बघ."

हशा पिकला. भाऊही हसला. तिच्या सख्ख्या भावालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हसता हसता भावजयीने डॉक्टरीणबाईंकडे पाहून डोळे मिचकावले, जमलं हो, अशा अर्थाने. "मग ताईंनाच विचारा ना. पुठ्ठ्यातलं त्यांच्याइतकं कोणाला कळणार?"

चष्मेवाला तिच्याकडे वळला. निर्धास्त होता. त्याला तिच्याकडून मदत नको होती, आपण बोललो ते हिलाही कळलंय एवढीच त्याची खात्री होती. तिने फक्त "हो" म्हणायचं होतं. पण ते "हो" तोंडातून निघालं असतं की भावजयीचं डोळे मिचकावणं खरं ठरलं असतं. बघा, आत्तापासूनच त्याची बाजू घेते, असं उद्या जिन्याजिन्यात झालं असतं. पुठ्ठ्याची बाई पुठ्ठ्यावर भाळली. या माणसांना तेवढं सुख द्यायचं तिच्या जिवावर आलं. ज्यांना ती कवडीची किंमत देत नव्हती, त्यांच्या हसण्याला ती भ्यायली.

"नाही बाई. मला नाही आला कसला वास," ती म्हणाली. "चांगली आहे."

आणि कोणाला शंका नको म्हणून आणखी एक मोठा घोट घेतला. कुबट चव घशाखाली उतरेपर्यंत तिला त्याच्याकडे बघवलं नाही.

पुढच्या दोन बाटल्यांची चव तिला कळली नाही. शेवटी कागद काढले. तिसरी बाटली चष्मेवाल्याची स्वतःचीच निघाली. तो शांतपणे म्हणाला की बूच खराब निघालेलं दिसतंय, त्याने वाइनला असा वास लागतो, कधी कधी होतं असं, तो दुकानात परत देईल आणि सगळ्यांची माफी मागतो.

मग काय पाहता. दातांचा डॉक्टर म्हणाला, जुनी लाकडी कपाटं म्हणजे त्याला हेच म्हणायचं होतं, कुबटपणा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राजवाडा तसा ओलसरच होता. भावाला पहिल्या घोटातच काहीतरी खटकलं होतं, फक्त तो बोलला नव्हता. ज्यांनी जंगलं आणि राजवाडे हुंगले त्या सगळ्यांना आता पुठ्ठ्याचा वास येऊ लागला. "चांगली आहे" म्हणणारी एकटी तीच उरली. "असू दे हो," भावजय मायेने म्हणाली, "ताईंना सर्दी असेल."

निघताना तो दाराशी बूट घालत होता, तेव्हा ती त्याची बाटली द्यायच्या निमित्ताने मागोमाग गेली. आत सगळे जोरजोरात बोलत होते.

"तुम्हाला वास आला होता," तो म्हणाला.

"आला होता."

तिने बाटली त्याच्या बुटांशेजारी ठेवली.

"माझ्याकडे रोज माणसं येतात," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "अक्षर दिसत नसलं तरी दिसतं म्हणतात. लाजतात बिचारी, मी समजून घेतो. पण स्पष्ट दिसत असताना नाही म्हणणारं कोणी आलं, तर त्याला मी काय देऊ?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने उलटून काही सुनावलं तरी असतं. बाटली उचलून तो जिना उतरला आणि ती रिकाम्या हातांनी दारात उभी राहिली.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंकडून निरोप आला. स्वभाव जुळतील असं चष्मेवाल्यांना वाटत नाही. भावजय तणतणत तिच्या खोलीत आली. इस्त्रीच्या टेबलावर टेकून तिने चष्मेवाल्याचा उद्धार केला. मोठा लागून गेला, म्हणे पुठ्ठा, स्वतः खराब बाटली आणायची आणि वर शहाणपण. ताई ऐकत होती. तिच्या मांडीवर कारखान्यात घालायचा पांढरा कोट होता आणि ती त्याच्या तुटलेल्या गुंडीशी चाळा करत होती.

"आपण असं करू या, ताई," भावजय आवाज खाली आणून म्हणाली. "त्याने नाही म्हटलं हे कशाला कोणाला कळायला हवं? मी सगळ्यांना सांगते, आमच्या ताईंनाच तो पसंत पडला नाही. होयबा होता नुसता. सांगू ना?"

तिने गुंडी कोटाच्या खिशात टाकली.

"हो," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."