नव्याच्या अंगात जुनं

छापखान्यात प्रुफं तपासत होते, तेव्हा गिरणीतली लक्ष्मीबाई दारात येऊन उभी राहिली. "बाई, तुमची महानंदा गेली की," म्हणाली. कावीळ झाली होती हे ठाऊक होतं, एवढी वाढली हे नव्हतं. रडू यायला हवं होतं... पण आधी कानात राहिला तो 'तुमची' हा शब्द. गिरणीतल्या सगळ्या बायका जिला अक्का म्हणायच्या, तिला पहिल्यांदाच कुणी माझी म्हणत होतं.

आम्ही दोघी सोलापुरात एकाच गल्लीत वाढलो. तिच्या घरी कानडी बोलत, माझ्या घरी पत्रकं लिहीत. वडील कामगार चळवळीतले, मी अक्षरं शिकले तीच मागण्यांवरून. पुढे ती गिरणीच्या हिशेब खात्यात कॉम्प्युटरवर लागली आणि मी फाटकाबाहेर पत्रकं वाटू लागले. यंत्राच्या खोलीला गारवा लागतो, म्हणून भर वैशाखात बाहेर आली तरी तिचे हात थंड असत. मला त्या हातांचासुद्धा हेवा वाटे.

मग नवं यंत्र आलं. जुन्या यंत्राला आकडे कळावेत म्हणून कार्डांना भोकं पाडणाऱ्या बायकांना घरी पाठवायचं ठरलं, लक्ष्मीबाईही त्यांतच. 'यंत्र परत पाठवा' असं पत्रक मी काढलं. आजही त्यातला शब्दन् शब्द खरा वाटतो. पण बायका टिकल्या महानंदामुळे. तिने मॅनेजरांना सांगितलं की, नव्या यंत्रात असा प्रोग्रॅम चढवता येतो की ते स्वतःला जुनं यंत्रच समजतं. मग जुनी कार्यप्रणाली, जुनी कार्डं, पगाराचे जुने प्रोग्रॅम, सगळं जसंच्या तसं चालतं. नवे प्रोग्रॅम लिहून होईपर्यंत पगार अडायला नको असतील तर हाच मार्ग. तिने ते करून दाखवलं.

फाटकापाशी बायकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाईच्या अंगात देवी येते ना, तसं. अंग नवं, आलंय जुनं. आन् त्याला तुमचीच कार्डं लागत्यात." मग लिंबू उतरायचं का अक्का, असं एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. माझं पत्रक ऐकून कधी कुणी हसलं नव्हतं. मी पेटले. तिला बाजूला घेऊन अंधश्रद्धेवर भाषणच दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"व्हय, शब्द वाईट हाय," ती म्हणाली. "तुझा दे की मग. त्यांना कळंल असा."

माझ्याकडे होते ते अनुकरण, प्रतिरूप... तिला एकही सांगितला नाही.

आता नवे प्रोग्रॅम तयार झालेत म्हणून जुनी प्रणाली बंद करणार आहेत, म्हणजे कार्डंही नकोत आणि बायकाही. बायका पत्रक मागायला माझ्याकडे आल्या. अखेर माझ्याकडे आल्या, हे किती बरं वाटलं! कामाच्या हक्कावर मी जीव ओतून लिहिलं. लक्ष्मीबाईने वाचलं. "चांगलं हाय बाई. पन अक्का बोलायची तसं लिवा की."

कागद फाडला आणि पुन्हा लिहिला. वर मोठ्या टायपात घातलं, 'यंत्राच्या अंगात आमचं काम आहे, ते उतरवू नका.' काल फाटकापाशी एकीने ते मोठ्याने वाचलं, बाकीच्या ऐकत राहिल्या. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्काचंच बोलणं हाय."

खाली नाव माझं होतं. मी 'व्हय' म्हणाले.