आधी नाक, मग पैसे

“उघड! झाकण उघड म्हणते मी! आधी नाक, मग पैसे!”

वासणा रोडवरच्या त्या कोरियन सुपरमार्केटात काकूंचा आवाज असा काही चढला, की मांडणीवरच्या नूडल्स पुडक्यातल्या पुडक्यात शिजायच्या बेताला आल्या. काउंटरवर लाल मिरचीच्या वाटणाचा एक सीलबंद डबा होता. त्यावर अलीकडून काकूंचा हात, पलीकडून दुकानाच्या मालकीणबाईंचा. मी मागे टोपली धरून उभा होतो, आपण यांच्याबरोबर आलेलोच नाही असा चेहरा करून.

“पॅक छे,” कोरियन बाई शांतपणे म्हणाल्या. “खोलवानुं नथी.”

आता ‘उघडायचं नाही’ हे वाक्य बडोद्यात काकूंना आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. हाथीखान्यातले मोठमोठे व्यापारी काकू दिसल्या की पोत्याचं तोंड आपण होऊन सोडत. खंडेराव मार्केटात तर त्या आल्याची वर्दी गेली की शिळी भाजी आपण होऊन मागच्या दाराने पळून जाई, असं मी पाहिलेलं आहे.

मी वाढवून सांगतो, असं आमच्या सोसायटीत म्हणतात. काकू तर मला हाकच ‘थापाड्या’ अशी मारायच्या. पण त्यांच्या नाकाबद्दल मी जे सांगतो ते त्यातल्या त्यात कमीच आहे. त्या माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. एकट्या, मुलगी पुण्याला दिलेली. कोयलीच्या रिफायनरीकडून वारा फिरला की आम्हा सगळ्यांच्या आधी त्या गॅलरीत येऊन “कपडे आत घ्या गं” म्हणून पुकारा करायच्या. एकदा त्यांनी तूप हुंगून सांगितलं, की म्हैस डभोईकडची आहे आणि सध्या रुसलेली आहे. तूपवाला डभोईहून बसने यायचा. तो दुसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला, काकी, तिचं पारडू विकलं, म्हणून दोन वेळा लाथ मारली तिनं. मुलीला बघायला आलेल्या मुलाजवळून चहाचा ट्रे घेऊन जाता जाता त्यांनी एक श्वास घेतला आणि आत येऊन निकाल दिला, की सिगारेट ओढतो, पण लग्नानंतर सोडेल. जावईबापूंनी सोडली. न सोडून सांगतात कोणाला?

बडोद्यात उन्हाळा लागताना मसाल्यांचे मांडव पडतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वर्षाची मिरची, हळद, धणे-जिरे, हिंग, सगळं तेव्हाच भरून ठेवायचं. आमच्या सोसायटीची खरेदी तळमजल्यावरच्या हंसाबेन करायच्या. लोणच्यांच्या त्या सरसेनापती. त्यांच्या बरण्या एकावर एक ठेवल्या तर पावागडाला कमीपणा येईल. पण त्यासुद्धा आधी वानगी घेऊन काकूंकडे यायच्या. काकू डोळे मिटून हुंगत, मान हलवत, आणि मगच घराघरातून पैसे निघत. एवढा मान सयाजीबागेतल्या सिंहालाही नसेल.

तर अशा बाईंना त्या दिवशी कोणीतरी ‘खोलवानुं नथी’ म्हणालं. आसपासच्या कारखान्यांत कोरियन इंजिनियर आले, त्यांच्या मागून त्यांच्या बायका आल्या, आणि त्यातल्या एकीने हे दुकान थाटलं. सोसायटीने तिचं नाव कोरियाबेन ठेवून टाकलं. तिच्याजवळ मूठभर गुजराती शब्द होते आणि तेवढ्यावर ती राज्य करत होती. सुट्टीत येणाऱ्या नातीला कसल्याशा लाल नूडल्स हव्या होत्या, म्हणून काकू मला ‘गाडी काढ’ म्हणाल्या होत्या. नूडल्स घेतल्या आणि मग नजर त्या डब्यावर गेली.

बराच वेळ डबा दोघींच्या हाताखाली राहिला. मग कोरियाबेनने आपला हात काढला, आतल्या खोलीत गेली आणि स्वतःच्या जेवणातली काचेची बरणी घेऊन आली. झाकण उघडून बरणी काकूंच्या पुढे धरली. काकूंनी डोळे मिटले. दुकानातला फ्रीजसुद्धा घरघरायचा थांबला.

“मिरची चांगली आहे,” काकू म्हणाल्या. “भाताचा गोडवा आहे. सोयाबीन आंबवलेलं आहे. पण ऊन पुरं मिळालं नाही. पावसाळ्यात केलंस ना?”

मी ते गुजरातीत सांगितलं, कोरियाबेनने फोन पुढे केला, फोनने ते कोरियनमध्ये म्हटलं. ती बाई क्षणभर काकूंच्या नाकाकडे बघत राहिली आणि मग इतकी वाकली, की मला वाटलं काउंटरखाली काही पडलंय.

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. दर आठवड्याला फेरी. काकूंनी कैरीचं लोणचं न्यायचं, तिने मुळ्याचं आंबवलेलं काहीतरी द्यायचं. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत तिचीही रीत निघाली, त्यामुळे तो डबा कधी कोणाकडे मुक्कामाला राहिलाच नाही. दुकानात एकच अडचण होती. मधल्या रांगेत सुक्या मासळीची मांडणी होती. काकू नाकाला पदर लावत, श्वास कोंडत आणि नूडल्सच्या बाजूने लांबचा वळसा घालून तांदळापाशी पोचत. डोळ्यांनी ‘मी काही पाहिलं नाही’ म्हणत, पण कपाळावर आठ्यांची रांगोळी उमटलेली असे.

मग ती मोठी साथ आली. काकूंनाही ताप आला. आम्ही दाराशी डबे ठेवत होतो, त्या आतून खोकून पोच देत होत्या. बऱ्या झाल्या. दुकानं उघडली. पहिल्याच फेरीला ‘थापाड्या, गाडी काढ’ अशी हाक आली तेव्हा मला सण झाल्यासारखं वाटलं.

दुकानात शिरलो. कोरियाबेनने “काकी!” म्हणून दोन्ही हात पुढे केले. मी टोपली घेऊन वळलो तर काकू मधल्या रांगेत. सुक्या मासळीच्या समोर. पदर खांद्यावर. एक पुडी हातात घेऊन, चष्मा सरकवून, वरची चित्रं निवांत बघत उभ्या. त्या मांडणीसमोर मलाही नाक दाबावं लागत होतं, आणि माझं नाक म्हणजे निव्वळ चष्मा ठेवायची जागा.

काकूंनी पुडी जागेवर ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, “सगळं गेलं. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, कसलाच नाही. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू.”

“येईलच की.”

“या वयात गेलेलं काय परत येतं रे? तुला सांगते, कारण तू सांगितलंस तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. पण हंसाला कळता कामा नये. मला विचारायला येतात, म्हणून माझं दार वाजतं. ते बंद झालं की मी नुसती तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी.”

त्यानंतर काकूंनी हाथीखाना सोडला, खंडेराव मार्केट सोडलं. तिथे पावलापावलावर कोणीतरी जिरं नाहीतर बासमती नाकाशी आणून “काकी, जुओ तो” म्हणणार. कोरियन दुकानात सगळं बंद, सीलबंद. तिथे कोणी काही हुंगायला सांगत नव्हतं. जिथे त्यांचं नाक पहिल्यांदा अडवलं गेलं, तीच आता त्यांची आडोशाची जागा झाली. सोसायटीत बोललं जाऊ लागलं, की काकी फॅशनेबल झाल्या, समुद्रातला पाला खातात. काकू हसून म्हणत, तब्येतीला चांगला असतो.

पण उन्हाळा काही फॅशनला भीत नाही. मांडव पडले, आणि एका दुपारी मी काकूंकडे चहा पीत बसलो असताना हंसाबेन आल्या. हातात दोन डब्या. दोन व्यापाऱ्यांकडचे हिंग. लोणच्याच्या कैऱ्या ठरल्या होत्या, सगळ्या घरांचं मेथियं, म्हणजे मेथीच्या मसाल्याचं लोणचं, घालायचं होतं. हिंग कुठला, एवढंच काकूंनी सांगायचं.

मी चहाच्या कपात तोंड खुपसलं. काकूंनी मात्र एक डबी उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मग दुसरी. मान हलवली. मान हलवण्याचा तो थाट पाहून कोणत्याही गवयाने गाणं थांबवलं असतं.

“उद्या सांगते,” काकू म्हणाल्या. “हिंगाचा निवाडा उपाशीपोटी करावा.”

हंसाबेननी मान डोलावली. डब्या तिथेच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्थातच, ‘गाडी काढ’. कोरियाबेन नुकतं शटर वर करत होती. काकूंनी तिला काउंटरमागे बसवलं. आपल्या नाकाला बोट लावलं आणि तळहात हलवला: नथी. मला वाटलं होतं यासाठी फोन लागेल. नाही लागला. ती काकूंचा हात धरून बसली. मग त्यांनी पहिली डबी उघडून तिच्यापुढे धरली.

कोरियाबेनने हुंगलं. सभ्यपणे हसली. “सारुं छे, काकी.”

दुसरी डबी उघडली. आता मी सांगतो त्यात एक अक्षर वाढवलेलं नाही. त्या बाईचं नाक आधी आत गेलं, मग बाजूला गेलं, मग चेहरा सोडून निघालं. डोळ्यांतून पाणी. खुर्ची मागे. तिने दार गाठलं, आणि पायरीवर मी उभा नसतो तर ती थेट कोरियात जाऊन थांबली असती. बाहेरूनच तिने हात हलवला. “बगडी गयुं, काकी! फेंकी दो!”

मी हळूच म्हटलं, “काकू, पहिला घ्या. दुसरा नासलाय म्हणते.”

काकूंनी दुसऱ्या डबीचं झाकण घट्ट लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर साथीनंतर पहिल्यांदा तो जुना, हाथीखान्याला धडकी भरवणारा भाव आला होता.

“थापाड्या, ही बाई हिंग कधी खात नाही. पहिला तिला बरा वाटला, म्हणजे त्यात नुसती कणीक आहे. दुसऱ्याने तिला दुकानाबाहेर काढलं. हाच खरा.”

त्या वर्षीचं मेथियं असं झालं, की लोक बरण्यांना कुलपं लावू लागले. मिरचीचा निवाडाही पुढे तिथेच होऊ लागला. मिरचीत कोरियाबेनचा शब्द सरळ घ्यायचा, हिंगात उलटा. असा काकूंनी नियमच करून टाकला होता. पुढची सगळी वर्षं आमच्या सोसायटीचा मसाला एका कोरियन नाकाने निवडला आणि एका मराठी डोक्याने. हंसाबेन दर उन्हाळ्यात डब्या घेऊन येत राहिल्या, काकू डोळे मिटत राहिल्या, ‘उद्या सांगते’ म्हणत राहिल्या, आणि मी चहाच्या कपात तोंड खुपसून बसत राहिलो.

वास परत आला का? मी एकदा विचारलं होतं. “कधी कधी सकाळी दुधाचा येतो,” त्या म्हणाल्या. “का मला आठवतो, कोण जाणे.”

गेल्या थंडीत काकू गेल्या. झोपेतच, कोणाला त्रास न देता. आयुष्यात शांतपणे केलेली ही त्यांची एकच गोष्ट. मी दुकानात सांगायला गेलो. कोरियाबेन ऐकून आत गेली, स्वतःची ती काचेची बरणी घेऊन आली, झाकण उघडून माझ्या नाकाशी धरली आणि अगदी काकूंच्या सुरात म्हणाली, “आधी नाक.” मला काही कळलं नाही त्या वासातलं. तरी मी डोळे मिटून मान हलवली.

या उन्हाळ्यात पुन्हा मांडव पडले. एका संध्याकाळी हंसाबेन सोसायटीच्या बाकावर बसलेल्या दिसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत हिंगाची कंपनीची पुडी, सीलबंद. ती पाहून मला राहवलं नाही. शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं: ताप, मासळीची मांडणी, कोरियाबेनचं धावत सुटणं. म्हटलं, एवढी वर्षं काकूंना कसलाही वास येत नव्हता, हंसाबेन. खोटं सांगत नाही.

त्या हसल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. पिशवीचे बंद नीट करत म्हणाल्या, “खबर हती, भाई. त्या पहिल्या साली मी दोन डब्या आणल्या ना, त्यांची झाकणं उघडायची राहिली होती. काकींनी बंद डब्या हुंगल्या.”

मग दर वर्षी का जात होतात त्यांना विचारायला, मी म्हटलं.

“मग विचारायचं कोणाला?” हंसाबेन म्हणाल्या.