उभं राहून वाजवलं म्हणून

"बस बे खाली! कोणासमोर उभा राह्यला?"

मलकापूरच्या क्लबात, भर नाचात, आमचे मालक बापूसाहेब माझ्यावर ओरडले. रेल्वेचे गोरे साहेब, त्यांच्या मडमा, कापसाचे व्यापारी, सगळे थबकले. फुंकायचा पितळी कॉर्नेट अजून माझ्या ओठांना होता.

मी मांगाच्या घरचा, पिढीजात वाजंत्री. बापूसाहेबांच्या घरच्या प्रत्येक लग्नात आम्ही वाजवलं. मांडवाबाहेर, मातीत बसून. मालक समोर असताना वाजंत्र्याने उभं राहायचं नाही, हा त्यांचा रिवाज.

त्या संध्याकाळी क्लबात स्विंगचा, म्हणजे जलद विलायती चालींवरचा, नाच होता. मुंबईहून मोठा बँड आला होता. त्यांचा कॉर्नेटवाला तापाने फणफणला, म्हणून मला बोलावलं. त्यांच्या गोव्याच्या बँडमास्तरने चाली शिकवल्या, माझ्या अंगात पांढरा कोट घातला. मी सवयीने खुर्चीशेजारी खालीच बसलो. त्याने दंडाला धरून वर बसवलं. म्हणाला, "हमारे यहाँ जिसकी बारी, वो खड़ा होके बजाता है।"

माझी बारी आली. उठलो. जन्मात पहिल्यांदा भरल्या सभेत मान वर करून फुंकलं. लोक बेभान नाचत होते. काय सुख होतं ते! तेवढ्यात ती आरोळी.

बापूसाहेब क्लबाचे कारभारी. म्हणाले, "कोट काढ. वाजवाचं असन त बाहेर पडवीत बसून वाजव."

बँडमास्तरने मान खाली घातली. त्याचा राग आजही आहे.

कोट काढला, खुर्चीवर ठेवला. म्हटलं, "आता उभा राह्यलो, मालक. आता बसत नाही." आणि नाचणाऱ्यांमधून, समोरच्या दाराने बाहेर पडलो. मागे बँड पुन्हा सुरू झाला. माझ्या सुराच्या जागी भोक पडलं होतं, नाच लंगडत होता. मी रस्त्यावर थांबून ऐकलं. बरं वाटलं.

पुढे बापूसाहेबांच्या लेकीचं लग्न निघालं. त्याआधीच मी चिखलीपर्यंत आमच्या वाजंत्री भाऊबंदांच्या दारोदार फिरून, त्या घरी वाजवायला जाऊ नका, असं सांगून आलो होतो. मालकाचा माणूस वाजवण्याची सुपारी घेऊन हिंडला. कोणीच घेतली नाही. शेवटी माझ्याकडे आला.

"काऊन बे, मालकाची सुपारी नाही म्हणतं?"

सुपारी त्याच्याच तळहातावर ठेवली. "मांडवात खुर्च्या टाका म्हणा. मालकानं साऱ्याइसमोर सांगावं, उभं राहून वाजवा. नाही त वरात मुकी जाईन."

वरात मुकीच गेली. कॉर्नेट काखेत धरून मी मारुतीच्या देवळापाशी उभा होतो. बापूसाहेबांनी मला पाहिलं. मी नजर हटवली नाही.

त्यांचे दोन मुलगे अजून लग्नाचे आहेत. मी कॉर्नेट रोज घासून ठेवतो. त्या दारात तो वाजला तर उभा राहूनच वाजेल, नाही तर त्या घरातली एकही वरात वाजत निघणार नाही.